हॅम रिपीटरची पॉवर नेमकी कुठे गळते? शोधायची पद्धत

डोंगरावरचा रिपीटर पूर्ण बंद पडला तर अर्ध्या तासात सगळ्यांना कळतं. खरा त्रास देतो तो अर्धवट चालणारा रिपीटर. शहरात तो खणखणीत ऐकू येतो, ग्रुपवर कुणाची तक्रार नसते, आणि घाटापलीकडच्या दोन-तीन गावांतून तेवढा निरोप येतो की हल्ली आवाजात खरखर आहे. मग कुणीतरी म्हणतं, ‘तुमचाच सेट बघा.’ असे महिने जातात.

पण रिपीटर उभारलेला असतो तो त्या पलीकडच्या गावांसाठीच. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा वीज आणि मोबाईल नेटवर्क दोन्ही गेलं होतं. अशा वेळी हातातल्या ५ वॉटच्या वॉकीटॉकीसारख्या सेटवरून डोंगरापलीकडे बोलायचं तर मध्ये रिपीटरच लागतो. तो निम्म्या ताकदीवर चालत असेल तर नकाशाच्या कडेची गावं आधी गप्प होतात. म्हणून ही गळती शोधायची रीत समजून घेऊ.

आधी रिपीटर म्हणजे काय

हॅम रेडिओ म्हणजे परवानाधारक हौशी लोकांचा रेडिओ. त्यात व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आला की अडतात. रिपीटर उंचावर बसून एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने सोडतो. भारतात हौशींसाठीचा २ मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे. त्यात दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर सहसा ६०० किलोहर्ट्झ ठेवतात. उदाहरणार्थ, १४५.० वर ऐकायचं आणि १४५.६ वर बोलायचं.

गंमत म्हणजे बहुतेक रिपीटर हे दोन्ही एकाच ॲंटेनावर करतात. स्वतः ओरडत असतानाच दुसऱ्याची कुजबुज ऐकायची. ते जमतं ड्युप्लेक्सरमुळे. हे धातूच्या मोठ्या नळकांड्यांचं फिल्टर असतं, त्याच्याकडे पुढे येऊ.

सिग्नलचा रस्ता असा: पॉवर सप्लाय किंवा बॅटरी, मग ट्रान्समीटर, मग ड्युप्लेक्सर, मग टॉवरवर जाणारी कोॲक्स केबल, शेवटी ॲंटेना. यातल्या प्रत्येक टप्प्यावर गळती होऊ शकते.

‘पॉवर गेली’ म्हणजे कुठली?

घरात आपण ‘लाइट गेली’ म्हणतो तेव्हा अर्थ एकच असतो. रिपीटरच्या बाबतीत ‘पॉवर कमी झाली’ याचे दोन अर्थ होतात. एक, वीजपुरवठा कमी पडतोय. दोन, रेडिओ लहरींचे वॉट ॲंटेनापर्यंत पोचत नाहीत. आणि पहिल्यामुळे दुसरं होतं, म्हणून गोंधळ वाढतो.

त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा: रिपीटरचं बोलणं कमी झालंय की ऐकणं? लांबच्या माणसाला रिपीटर स्पष्ट ऐकू येतो पण त्याचं बोलणं रिपीटर उचलत नाही, असं असेल तर वॉट शोधत बसू नका. तो बहिरेपणा आहे. उलट त्याला रिपीटरच खरखरीत ऐकू येतो आणि त्याचं बोलणं मात्र शहरात व्यवस्थित पोचतं, तर ट्रान्समीटरच्या बाजूने वॉट गळताहेत. दोन्ही एकदम बिघडलं असेल तर संशय सामाईक भागांवर, म्हणजे ॲंटेना आणि टॉवरची केबल यांवर आधी घ्यायचा. फक्त ह्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळवलं तरी डोंगरावरच्या निम्म्या फेऱ्या वाचतात.

डेसिबल: फोनमध्येच बघा

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिम स्टेटस उघडा. बऱ्याच फोनमध्ये तिथे सिग्नल उणे ८५, उणे १०५ अशा आकड्यात दिसतो. त्याचं एकक डीबीएम. हे माप गुणाकाराचं आहे: ३ डीबी घटले की ताकद निम्मी, १० डीबी घटले की एक दशांश. उणे ८० वरून उणे ११० वर आलात म्हणजे सिग्नल हजारपट अशक्त झाला, तरी फोन कदाचित चालूच राहील.

शहरातल्या लोकांना गळती का कळत नाही, ते इथे आहे. रेडिओच्या मीटरवरचा एक ‘एस’ साधारण ६ डीबीचा मानतात. म्हणजे रिपीटरचे वॉट निम्मे झाले तरी काटा फक्त अर्धा एस खाली येतो. शिवाय एफएममध्ये भरपूर सिग्नल असेल तर आवाज शांत, स्वच्छ राहतो. सिग्नल काठावर असेल तर मात्र तेच ३ डीबी गेल्यावर शब्द खरखरीत बुडतात. लांबच्या माणसाची तक्रार हेच तुमचं सगळ्यात संवेदनशील मीटर. ती हसण्यावारी नेऊ नका.

किती गळती नेहमीचीच आहे?

बिघाड शोधण्याआधी हिशेब मांडायचा, नाहीतर चांगल्या यंत्रणेतच बिघाड सापडत राहतो. समजा ट्रान्समीटर ४० वॉट देतो. २ मीटरच्या चांगल्या ड्युप्लेक्सरमध्ये साधारण १.५ डीबी जातात, उरले २८ वॉट. पुढे ३० मीटर आरजी-२१३ केबल. ती या फ्रिक्वेन्सीला १०० मीटरमागे ८.५ ते ९ डीबी खाते, म्हणजे इथे साधारण २.६ डीबी. उरले साडेपंधरा. कनेक्टर आणि छोट्या जोडकेबलींचे ०.३ डीबी धरले तर ॲंटेनाला पोचतात साडेचौदा वॉट.

४० मधले साडेचौदा! आणि यात काहीच बिघडलेलं नाही. ६ डीबी गेनचा ॲंटेना असेल तर तो ही ताकद क्षितिजाच्या दिशेने एकवटून चौपट केल्यासारखा परिणाम देतो, म्हणून चालून जातं. त्याच जागी एलएमआर-४०० असती तर ३० मीटरला दीडेक डीबी गेले असते, अर्धा इंची हार्डलाइन असती तर एक डीबीहूनही कमी. आणि बारीक आरजी-५८ लावली असती तर पाच-सहा डीबी, म्हणजे केबलच पाऊण ताकद गिळून बसली असती. माझं मत विचाराल तर पैसे ट्रान्समीटरच्या वॉटवर घालण्याआधी केबलवर घालावेत. केबलीत वाचलेले डीबी बोलायला आणि ऐकायला दोन्हीकडे उपयोगी पडतात, वाढवलेले वॉट एकाच बाजूला.

हा हिशेब कागदावर लिहून रिपीटरच्या पेटीत चिकटवून ठेवायचा. पुढची प्रत्येक मोजणी त्याच्याशी ताडून बघायची.

वीजपुरवठा: मोजायचं ते बोलताना

जुना फोन २० टक्के चार्ज दाखवत असतो, कॅमेरा उघडला की फट्‌कन बंद होतो. बॅटरी थकली की जास्त करंट मागताच तिचा व्होल्टेज खाली बसतो. रिपीटरचंही अगदी हेच होतं. नुसतं ऐकताना तो अर्धा-एक अँपियर घेतो, बोलायला लागला की १० च्या आसपास. म्हणून ट्रान्समिट बंद असताना मल्टिमीटरने १३.८ व्होल्ट दिसले म्हणजे सप्लाय ठीक आहे, असं नाही. ट्रान्समिट चालू ठेवून मोजायचं, आणि तेही रेडिओच्या मागच्या टोकांवर, सप्लायच्या तोंडाशी नाही.

मधली वायर किती खाते बघा. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो. पेटी ५ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.०७४ ओहम. १० अँपियरला पाऊण व्होल्ट तिथेच गेला. १ चौरस मिलिमीटरची वायर कुणी हाताशी होती म्हणून लावली असेल तर पावणेदोन व्होल्ट. आणि ट्रान्समीटरची ताकद व्होल्टेजच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात घटते. १३.८ चे १२ झाले तर ताकद पाऊण उरते.

कुठे पडतोय ते शोधायला मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं रेडिओच्या प्लसवर लावा, आणि ट्रान्समिट करा. जो आकडा दिसेल तो त्या वाटेत हरवलेला व्होल्टेज. मग फ्यूजच्या आधी-नंतर, प्रत्येक जोडाच्या आधी-नंतर तेच करत जायचं. मायनसची बाजू विसरू नका, अर्धे बिघाड तिथेच असतात. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरट-हिरवट थर, फ्यूज होल्डरचं तापून तपकिरी झालेलं प्लास्टिक, बोटाने फिरणारा लग: हे डोळ्यांनीच दिसतं. (बॅटरीला हात लावण्याआधी अंगठी, कडं, मनगटातलं घड्याळ काढून ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी शॉर्ट झाली तर धातू लाल होतो.)

कुणी बोलायला लागताच रिपीटर मरतो आणि दोन सेकंदांनी स्वतःची ओळख सांगत परत उठतो, असं होत असेल तर जवळपास खात्रीने सप्लाय बसतोय आणि कंट्रोलर रीसेट होतोय. रात्री ठीक आणि पहाटे कमजोर असेल तर बॅकअप बॅटरी थकलीये. विश्रांती दिल्यावर भरलेली लेड-ॲसिड साधारण १२.७ व्होल्ट दाखवते, १२ च्या आसपास आली म्हणजे बरीच रिकामी झाली. लिथियम फॉस्फेटच्या बॅटरीचा व्होल्टेज मात्र शेवटपर्यंत जवळजवळ तोच राहतो, त्यावरून उरलेल्या चार्जचा अंदाज बांधू नये.

गरम झाला की मंदावतो

अनेक हौशी रिपीटर म्हणजे गाडीत लावायचे दोन मोबाईल सेट पाठीला पाठ लावून केलेली जोडणी. असे सेट थोडं बोलायचं, बराच वेळ ऐकायचं अशा वापरासाठी बनवलेले असतात. रिपीटर गप्पांच्या वेळी तासभर जवळजवळ सलग बोलत राहतो. सेट तापतो आणि आतलं संरक्षण वॉट कमी करतं, गेम खेळताना फोन गरम होऊन अडकायला लागतो तसंच. सुरुवातीची पाच मिनिटं छान, मग हळूहळू खरखर, दहा मिनिटं विश्रांती दिली की पुन्हा छान: हे उष्णतेचं लक्षण. पंखा तपासा, धूळ काढा, आणि ५० वॉटचा सेट २०-२५ वर चालवा. लांबच्या माणसाला जाणारे ३ डीबी हे मध्येच गायब होणाऱ्या सिग्नलपेक्षा बरे.

दुसरं संरक्षण जास्त फसवं आहे. ॲंटेनाकडून ताकद परत यायला लागली, म्हणजे एसडब्ल्यूआर वाढला, की ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला वॉट उतरवतो. मग मीटरवर ट्रान्समीटर कमजोर दिसतो, पण दोष टॉवरवर असतो. उपाय सोपा: ट्रान्समीटरला सगळ्यापासून सोडवून डमी लोड लावा. हा ५० ओहमचा रोध, आलेली सगळी ताकद उष्णता करून टाकतो. त्यावर पूर्ण वॉट मिळाले तर ट्रान्समीटर निर्दोष. मग डमी लोड एकेक टप्पा पुढे न्यायचा. ड्युप्लेक्सरनंतर मोजा, केबलच्या वरच्या टोकाला मोजा. जिथे हिशेबापेक्षा मोठा खड्डा दिसेल तिथे थांबा.

मीटरवर किती विश्वास ठेवायचा? हॅम मंडळींचा आवडता बर्ड ४३ वॉटमीटरसुद्धा पूर्ण स्केलच्या ५ टक्के इकडेतिकडे दाखवू शकतो. १०० वॉटच्या एलिमेंटवर ती चूक ५ वॉट. तिथे १५ वॉट मोजत असाल तर खरे १० असतील की २०, सांगता येणार नाही. लहान स्केलचा एलिमेंट वापरा आणि सगळे टप्पे त्याच एका मीटरने मोजा.

ड्युप्लेक्सरला उगाच हात लावू नका

ड्युप्लेक्सरचे स्क्रू समोरच दिसतात, फिरवायचा मोह होतो. योग्य उपकरण नसेल तर नका फिरवू. ट्रान्समीटरची गर्जना रिसीव्हरपासून ८०-९० डीबी दूर ठेवण्याचं काम तो करतो. वॉट वाढावेत म्हणून स्क्रू फिरवला तर वॉट एखादा वाढेलही, पण रिसीव्हर बहिरा होईल.

तो बहिरेपणा ओळखायची चाचणी: एखाद्या लांबच्या अशक्त स्टेशनला बोलत राहायला सांगा, डोंगरावर रिसीव्हरचा आवाज थेट ऐका, आणि ट्रान्समीटर चालू-बंद करा. ट्रान्समीटर चालू होताच ते स्टेशन खरखरीत बुडालं तर रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतोय. कारण ड्युप्लेक्सर असेल, एकेरी जाळीची झिरपती जोडकेबल असेल, किंवा टॉवरवरचा गंजलेला नटबोल्टही असू शकतो.

ट्रान्समीटर ते ड्युप्लेक्सर ही केबल थोडी लांब-आखूड केली की वॉट बदलत असतील, तर ट्रान्समीटर आणि ड्युप्लेक्सर एकमेकांना मानवत नाहीयेत, असं समजायचं. मध्ये आयसोलेटर बसवणं हा त्यावरचा नीट उपाय आहे.

पाणी

सह्याद्रीत या विषयाचं हेच मुख्य प्रकरण. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही वाऱ्याबरोबर आडवा. कनेक्टरमधून एकदा पाणी आत गेलं की केबलची तांब्याची जाळी ते दिव्याच्या वातीसारखं ओढत नेते, मीटर न् मीटर. तांबं काळं-हिरवं पडतं. आणि ऑक्टोबरात पाणी सुकलं तरी काळं पडलेलं तांबं परत सुधारत नाही. म्हणून ‘पावसाळ्यात जरा कमी होतं, नंतर येतं परत’ असं जे वाटतं ते दरवर्षी थोडं थोडं कमीच येत असतं. जाळी काळी दिसली तर टोक कापून नवा कनेक्टर बसवण्यात अर्थ नाही. केबल बदला.

यात एक मोठी फसगत आहे. केबल जितकी खराब, तितका खाली एसडब्ल्यूआर चांगला दिसतो! समजा केबलमध्ये ३ डीबी गळतात आणि वरचा ॲंटेना चक्क तुटून पडलाय. वर जाताना ३ डीबी गेले, सगळी ताकद उलटून परत आली, येताना पुन्हा ३ गेले. खालचा मीटर एसडब्ल्यूआर फक्त ३ दाखवेल. केबल आणखी भिजली तर २ च्या खालीही. डमी लोडचा एसडब्ल्यूआर तर सगळ्यात सुंदर असतो, पण त्यावर बोललेलं कुणाला ऐकू येत नाही.

हीच गोष्ट उलटी वापरता येते. स्वस्त नॅनोव्हीएनए खालच्या टोकाला जोडा, वरचं टोक मोकळं ठेवा, आणि रिटर्न लॉस वाचा. त्याच्या निम्मी केबलची एकतर्फी गळती. आमच्या उदाहरणातल्या ३० मीटरला ५.२ च्या आसपास दिसायला हवं. ९ दिसलं तर केबल गेली. ट्रान्समीटरला मात्र हे उपकरण चुकूनही जोडू नका, एका क्षणात जळेल.

पाणी आत जाऊच नये म्हणून जोडावर आधी ताणून गुंडाळायची स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप, वरून पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, म्हणजे कौलं जशी एकावर एक चढवतो तशी प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर येते आणि पाणी ओघळून जातं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, पाणी तिथून ठिबकेल. पीएल-२५९ कनेक्टर मुळात पाणीबंद नसतो. बाहेर एन टाइप लावणं शहाणपणाचं.

फायबरच्या नळीतल्या उभ्या ॲंटेनाला तळाशी पाणी निचरायचं छिद्र असतं. ते कुंभारमाशीने मातीने बुजवलेलं असू शकतं, किंवा कुणी ‘गळती बंद’ म्हणून टेप लावलेली असते. आतले डागलेले जोड वाऱ्याने हलून तुटतात. वारा सुटला की खरखर, वारा पडला की ठीक, असं होत असेल तर आधी कनेक्टर हलवून बघा, मग ॲंटेनावर संशय घ्या. टॉवरवर चढायचं काम मात्र सेफ्टी बेल्ट आणि सवय असलेल्या माणसाचंच, ट्रान्समीटर बंद करून, आणि ढगांचा गडगडाट नसताना.

घरबसल्या काय करता येईल

प्रक्षेपण करायला केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना लागतो, त्यासाठी किमान वय १२ वर्षं आहे. डोंगरावरच्या पेटीला हात तर रिपीटर सांभाळणाऱ्या गटाच्या परवानगीनेच लावायचा. पण त्या गटाला सगळ्यात जास्त गरज असते ती नोंदींची. फोनला ओटीजी केबलने एसडीआर डोंगल जोडणारा कॉलेजचा मुलगाही त्या नोंदी ठेवू शकतो.

गच्चीवरची एक जागा ठरवा. तीच अँटेना, तीच उंची, ॲपमधला ऑटो गेन बंद आणि गेनचा आकडा कायम तोच. महिन्यातून दोनदा रिपीटर बोलत असताना सिग्नलची पातळी लिहून ठेवा, सोबत तारीख, वेळ, पाऊस होता का, आणि लांब बोलणं चालू असेल तर पहिल्या आणि दहाव्या मिनिटाची पातळी. एक-दोन डीबी हवेनेही हलतात, तिकडे लक्ष देऊ नका. जूनच्या आधी उणे ७२ असायचा तो दिवाळीनंतरही उणे ७६ वरच अडकला, तर गटाला कळवा. आणि कळवताना घाटापलीकडच्या कुणाकडून तरी तशाच नोंदी मागून घ्या. दोन्हीकडे सारखेच डीबी घटले असतील तर गळती केबलमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. एका दिशेलाच घटले असतील तर ॲंटेना वाकलाय का, किंवा समोर नवा लोखंडी मनोरा उभा राहिलाय का, ते बघायला दुर्बीण घेऊन जा.